अतिनील प्रकाश आणि धातूंचे उत्प्रेरक: पाण्यातील कीटकनाशके व रंग कसे मोडतात, शेतकऱ्याने कुठे वापरावे आणि कुठे नाही

विहिरीचे पाणी खारट लागते, बोअरच्या पाण्याला वास येतो, ओढ्याला रंग दिसतो. अशा प्रत्येक तक्रारीवर आता 'यूव्ही' यंत्र किंवा 'नॅनो' पावडर हा उपाय सुचवला जातो. अतिनील प्रकाश आणि धातूंच्या ऑक्साईडचे उत्प्रेरक वापरून पाण्यातील काही घातक रसायने खरोखर मोडता येतात. मात्र हे तंत्र प्रत्येक पाण्याला लागू पडत नाही. अक्कलकोट तालुक्यातील पाणी, माती आणि पिके डोळ्यांसमोर ठेवून हे तंत्र कसे चालते, उत्प्रेरक कसे तयार होतात आणि खर्च करण्यापूर्वी काय तपासावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• अतिनील प्रकाश आणि उत्प्रेरक मिळून कीटकनाशके, बुरशीनाशके, रंग अशी सेंद्रिय रसायने मोडतात.
• क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, सोडियम हे घटक या पद्धतीने निघत नाहीत. खारट पाणी गोड होत नाही.
• पाणी स्वच्छ आणि थर उथळ असेल तरच प्रकाश आत पोचतो. गढूळ पाण्यात काम होत नाही.
• सिंचनाच्या पाण्यासाठी हे तंत्र परवडत नाही. थोडे पण जास्त विषारी पाणी, म्हणजे फवारणी पंप व डबे धुतलेले पाणी, ही त्याची खरी जागा आहे.
• तेही पाणी मुळात तयारच होऊ न देणे सर्वांत स्वस्त पडते.

अक्कलकोट तालुक्यात प्रश्न कुठे आहे?

तालुक्यातून बोरी नदी वाहते आणि तिच्यावर कुरनूर धरण आहे. दक्षिणेकडे भीमा नदी आणि पलीकडे कर्नाटक. खाली काळा बेसॉल्ट खडक, वर मध्यम ते भारी काळी जमीन. बहुतांश शिवाराची मदार विहिरी व बोअरवरच. खरिपात तूर, उडीद, मूग, सोयाबीन. रब्बीत ज्वारी, हरभरा. पाण्याची सोय असेल तिथे ऊस आणि फळबागा.

दुधनीच्या बाजारात येणाऱ्या तुरीवर फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत अळीसाठी फवारण्या होतात. फवारणीचे पाणी विहिरीवरून किंवा बोअरवरून घेतले जाते आणि पंपही अनेकदा तिथेच धुतला जातो. एका पंपाच्या धुण्यातून ५ ते १० लिटर पाणी निघते. हंगामभर तेच पाणी त्याच जागी पडत राहते.

भारी काळी जमीन वाळली की तिला खोल भेगा पडतात. एरवी मातीचा थर कीटकनाशक धरून ठेवतो आणि त्यातले जिवाणू ते हळूहळू मोडतात. भेगांतून गेलेले पाणी मात्र हा थर चुकवून खाली उतरते. म्हणून विहिरीच्या काठावर ओतलेले धुण्याचे पाणी शेतात समप्रमाणात फवारलेल्या औषधापेक्षा जास्त धोक्याचे ठरते.

दुसरा प्रश्न रंगाच्या पाण्याचा. सोलापूरची चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. या उद्योगात सुती धाग्याची रंगाई मोठ्या प्रमाणावर होते आणि सोलापूर शहरात अक्कलकोट रस्त्यावरच औद्योगिक वसाहत आहे. रंगाईच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याचा शेतीला वापर करण्याचा विचार असेल, तर या लेखातील 'रंग गेला, मीठ राहिले' हा भाग लक्षपूर्वक वाचा.

प्रकाश आणि उत्प्रेरक काम कसे करतात?

टायटॅनियम डायऑक्साईड हे पांढरे चूर्ण भिंतीच्या रंगात वापरले जाते. झिंक ऑक्साईड हे दुसरे पांढरे चूर्ण मलमांमध्ये असते. हे दोन्ही पदार्थ अर्धवाहक आहेत. त्यांच्यावर पुरेशा ताकदीचा प्रकाश पडला की कणातील इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो आणि मागे एक रिकामी, धन प्रभाराची जागा उरते. ही रिकामी जागा कणाला चिकटलेल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. सुटलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो.

हायड्रॉक्सिल मूलक हा क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेटपेक्षाही तीव्र ऑक्सिडीकारक आहे. तो क्षणभरच टिकतो, पण त्या क्षणात जवळच्या सेंद्रिय रेणूवर तुटून पडतो. असे हल्ले पुन्हा पुन्हा झाले की रेणूचे तुकडे होत जातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साईड, पाणी आणि क्लोराईड, नायट्रेट, फॉस्फेटसारखे साधे घटक उरतात. उत्प्रेरक स्वतः खर्च होत नाही, म्हणून तो पुन्हा वापरता येतो.

जपानमधील फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साईडवर अतिनील प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते हे दाखवले. त्यानंतर जगभर या पदार्थांचा पाणी शुद्धीकरणासाठी अभ्यास सुरू झाला. लोहाचा मार्ग त्याहून जुना आहे. लोहाचे क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साईड एकत्र आल्यावर होणारी तीव्र ऑक्सिडीकरणाची क्रिया फेंटन यांनी १८९४ मध्ये नोंदवली होती. तिला प्रकाशाची जोड दिली की तीच क्रिया अधिक वेगाने होते. तिला फोटो-फेंटन म्हणतात.

कोणता प्रकाश लागतो?

अतिनील प्रकाशाचे तीन भाग पडतात.

• यूव्ही-ए (३१५ ते ४०० नॅनोमीटर): सूर्यप्रकाशातून जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील प्रकाशात याचाच वाटा मोठा.
• यूव्ही-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर): थोड्या प्रमाणात पोचतो.
• यूव्ही-सी (२८० नॅनोमीटरपेक्षा कमी): वातावरणात अडतो. तो दिव्यातूनच मिळवावा लागतो. जंतुनाशक दिवे २५४ नॅनोमीटरचा प्रकाश देतात.

टायटॅनियम डायऑक्साईडच्या ॲनाटेज या रूपाला सुमारे ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचा प्रकाश लागतो. म्हणजे सूर्यप्रकाशातला यूव्ही-ए चालतो, पण एकूण सूर्यप्रकाशात अतिनील भाग फक्त ४ ते ५ टक्के असतो. सोलापूर भागात एका चौरस मीटरवर दिवसाला वर्षभराच्या सरासरीने साधारण साडेपाच युनिट सौर ऊर्जा पडते. त्यातले अतिनील प्रकाशाच्या वाट्याचे जेमतेम पाव युनिट. ऊन कितीही कडक वाटले तरी उत्प्रेरकाच्या कामाचा भाग एवढाच असतो.

साधी काच यूव्ही-ए बऱ्यापैकी आत सोडते, पण यूव्ही-सी अडवते. म्हणून जंतुनाशक दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते. अशा दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. डोळ्यांना व त्वचेला इजा होते. पाऱ्याचा दिवा फुटल्यास तुकडे हाताने गोळा करू नका.

घरातील यूव्ही फिल्टरमध्ये बहुधा फक्त दिवा असतो, उत्प्रेरक नसतो. तो जंतू निष्क्रिय करतो. कीटकनाशकाचा अंश किंवा नायट्रेट काढण्यासाठी तो बनवलेला नसतो.

उत्प्रेरक कसे तयार होतात?

उत्प्रेरकाचे सगळे काम त्याच्या पृष्ठभागावर होते. म्हणून कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त. बाजारात तयार मिळणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साईडच्या एका प्रचलित प्रकारात एका ग्रॅमचा पृष्ठभाग सुमारे ५० चौरस मीटर असतो. प्रयोगशाळेत उत्प्रेरक तयार करण्याच्या मुख्य पद्धती अशा:

१) अवक्षेपण: झिंक सल्फेट किंवा झिंक नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात ढवळत ढवळत अल्कलीचे द्रावण थेंब थेंब टाकतात. पांढरा साका खाली बसतो. तो वारंवार धुऊन, वाळवून भट्टीत ३०० ते ५०० अंश सेल्सिअसला भाजला की झिंक ऑक्साईड मिळते. धुण्यात कसर राहिली तर उरलेले क्षार कणांवर बसतात आणि उत्प्रेरक मंद होतो.

२) सोल-जेल: टायटॅनियमचे सेंद्रिय संयुग अल्कोहोलमध्ये मिसळून त्यात मोजून पाणी घालतात. द्रावण घट्ट होत जेलीसारखे होते. ते वाळवून साधारण ४०० ते ५०० अंशांना भाजतात. या तापमानाला ॲनाटेज हे जास्त क्रियाशील रूप मिळते.

३) पातळ थर: तापवलेल्या काचेवर धातूच्या क्षाराचे द्रावण बारीक फवारतात. काचेवरच ऑक्साईडचा थर तयार होतो. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागात या पद्धतीवर अनेक वर्षे काम झाले आहे आणि अशा थरांवर पाण्यातील सेंद्रिय प्रदूषक मोडण्याचे प्रयोगही झाले आहेत.

४) मिश्रण व लेप: ऑक्साईडमध्ये लोह, नायट्रोजन यांचा अंश मिसळतात किंवा त्यावर चांदी, प्लॅटिनमचे सूक्ष्म कण बसवतात. त्यामुळे सुटलेला इलेक्ट्रॉन परत जागेवर जाण्याचे प्रमाण घटते किंवा दृश्य प्रकाशाचाही थोडा उपयोग होतो. चांदी आणि प्लॅटिनममुळे खर्च मात्र वाढतो.

भाजण्याचे तापमान महत्त्वाचे आहे. माठ कच्चा भाजला तर विरघळतो आणि फार भाजला तर पाणी पाझरत नाही. उत्प्रेरकाचेही तसेच. कमी भाजल्यास रचना नीट बसत नाही. जास्त भाजल्यास कण एकमेकांना चिकटतात, पृष्ठभाग घटतो आणि ॲनाटेजचे रुटाईल या कमी क्रियाशील रूपात रूपांतर होते.

ही कामे घरी करू नका. अल्कली, तापलेली भट्टी आणि श्वासातून फुप्फुसात जाणारी बारीक पावडर, तिन्ही धोकादायक आहेत. सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून आणलेले झिंक सल्फेट पाण्यात टाकून उन्हात ठेवल्याने काहीही साधत नाही. ते विरघळणारे क्षार आहे, अर्धवाहक ऑक्साईड नाही.

काय मोडते, काय मोडत नाही?

मोडते:
• अनेक कीटकनाशके, उदा. इमिडाक्लोप्रिड, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट
• कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके
• बहुतांश कापड रंग
• जंतू, पुरेसा प्रकाश व वेळ दिल्यास

मोडत नाही किंवा निघत नाही:
• विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस व विद्युत वाहकता
• नायट्रेट, फ्लोराईड, क्लोराईड, सोडियम
• पाण्याचा जडपणा
• जड धातू (काहींचे रूप बदलते, पण ते पाण्यातून नाहीसे होत नाहीत)

बेसॉल्ट खडकातील विहिरींच्या पाण्यात बायकार्बोनेट व कॅल्शियम बरेच असते. बायकार्बोनेट हे हायड्रॉक्सिल मूलक स्वतःच खाऊन टाकते, त्यामुळे कीटकनाशकाच्या वाट्याला कमी मूलक येतात. कॅल्शियमची पांढरी खरप दिव्याच्या नळीवर बसते आणि प्रकाश अडवते. त्यामुळे प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात मिळालेला निकाल आपल्या विहिरीच्या पाण्यात तसाच मिळेल असे धरू नका.

अर्धवट मोडण्याचा धोका

रेणू एका झटक्यात संपत नाही, टप्प्याटप्प्याने मोडतो. मधल्या टप्प्यातला पदार्थ मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असू शकतो. क्लोरपायरिफॉसपासून ऑक्सिडीकरणाने तयार होणारा ऑक्सॉन हा त्याचा नमुना आहे. मज्जासंस्थेवर तो मूळ रेणूपेक्षा तीव्र परिणाम करतो. प्रक्रिया पुरेसा वेळ चालली तर तोही मोडतो, मध्येच थांबवली तर तो पाण्यात राहतो. म्हणून 'वास गेला', 'रंग गेला' ही पाणी निर्धोक झाल्याची खूण नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत कीटकनाशक अंश आणि एकूण सेंद्रिय कार्बन किंवा सीओडी तपासावा लागतो.

रंग गेला, मीठ राहिले

सुती कापडासाठी वापरले जाणारे रिॲक्टिव्ह रंग धाग्यावर बसावेत म्हणून रंगाईच्या पाण्यात मीठ किंवा सोडियम सल्फेट मोठ्या प्रमाणात घालतात, शिवाय सोडाही असतो. रंगाचा काही भाग धाग्यावर न बसता पाण्याबरोबर बाहेर पडतो. अतिनील प्रकाश व उत्प्रेरक या रंगाचे बंध तोडतात आणि पाणी नितळ दिसू लागते. पण सोडियम, क्लोराईड व सल्फेट जसेच्या तसे राहतात.

असे नितळ पाणी भारी काळ्या जमिनीला सतत दिले तर सोडियम मातीच्या कणांवर बसतो, माती घट्ट होते, निचरा बंद पडतो आणि जमीन चोपण होते. ती सुधारायला जिप्सम, निचऱ्याची व्यवस्था, चांगले पाणी आणि बरीच वर्षे लागतात. प्रक्रिया केलेले पाणी शेतीला घेण्यापूर्वी रंग पाहू नका, अहवाल पाहा. विद्युत वाहकता २.२५ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास पाणी फार क्षारयुक्त समजले जाते. शिल्लक सोडियम कार्बोनेट २.५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरपेक्षा जास्त असल्यास ते सिंचनास अयोग्य मानतात. सोबत सोडियम शोषण गुणोत्तरही तपासून घ्या.

कोणत्या पाण्याला परवडते?

एक एकराला एक इंच पाणी द्यायचे म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी लागते. एवढे पाणी उथळ थरात पसरून, तासन्तास उन्हात ठेवून, उत्प्रेरक गाळून परत मिळवणे व्यवहार्य नाही. याउलट पंप धुतलेले पाणी काही लिटर असते, पण त्यात औषधाचे प्रमाण विहिरीच्या पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त असते. कमी पाणी आणि जास्त विष अशा ठिकाणी हे तंत्र बसते.

स्पेनच्या अल्मेरिया भागात हरितगृहांची शेती दाट आहे. तिथे कीटकनाशकांच्या रिकाम्या डब्यांचे प्लास्टिक धुऊन पुन्हा वापरतात. त्या धुण्याच्या पाण्यावर सूर्यप्रकाश आणि फोटो-फेंटन पद्धतीने प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला गेला. डबे एका ठिकाणी गोळा होतात, पाण्याचा सामू आम्लधर्मी म्हणजे ३ च्या जवळ ठेवायला आणि नंतर तो पूर्ववत करायला प्रशिक्षित माणसे असतात, म्हणून ते शक्य झाले. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनी किंवा मोठ्या फवारणी सेवा केंद्राच्या पातळीवर असा विचार होऊ शकतो. एकट्या शेतकऱ्याने पेरॉक्साईड व आम्ल हाताळू नये.

फवारणीचे धुण्याचे पाणी: आजपासून काय करावे?

१) मोजून औषध तयार करा. शेवटच्या पंपाला उरणार नाही एवढेच द्रावण बनवा.

२) डबा तीन वेळा विसळा. रिकाम्या डब्यात पाव भाग पाणी घालून झाकण लावा, अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी फवारणीच्या टाकीत ओता. असे तीनदा करा. नंतर डब्याला भोके पाडा, म्हणजे तो घरात वापरला जाणार नाही.

३) पंप शेतातच धुवा. २ ते ३ लिटर पाण्याने तीनदा धुऊन ते पाणी त्याच पिकाच्या कडेच्या ओळींवर फवारा. विहीर, बोअर, ओढा, पाण्याचा हौद आणि जनावरांची जागा टाळा.

४) जैविक खड्डा करा. स्वीडनमध्ये १९९३ पासून वापरात आलेली ही पद्धत आहे. पंप नेहमी एकाच जागी भरला-धुतला जात असेल तर तिथे उपयोगी पडते. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला सुमारे दोन ते तीन फूट खोल खड्डा घ्या. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत तळाला व बाजूंना जाड प्लास्टिक कागद अंथरा. दोन भाग बारीक केलेले काड किंवा भुसा, एक भाग चांगले कुजलेले कंपोस्ट आणि एक भाग शेतातील माती मिसळून खड्डा भरा, वरून गवत लावा. मिश्रण काही आठवडे मुरू द्या. काडावर वाढणाऱ्या बुरशी व जिवाणू औषध मोडतात. पावसाचे पाणी साचू नये म्हणून वर पत्रा टाका. काढलेले मिश्रण आणखी वर्षभर मुरवूनच शेतात पसरा.

कीटकनाशक नियम १९७१ मधील नियम ४४ नुसार रिकामे डबे, उरलेले औषध आणि धुण्याचे पाणी यांची विल्हेवाट पर्यावरण व पाणी दूषित होणार नाही अशीच लावावी लागते.

कृषी सहायक व विस्तार कार्यकर्त्यांसाठी प्रात्यक्षिक

गावातील बैठकीत हे तंत्र सोप्या पद्धतीने दाखवता येते. चार उथळ काचेच्या बशा घ्या. प्रत्येकीत मिथिलीन ब्लूचे फिकट निळे पाणी घाला.

• पहिली: फक्त रंगीत पाणी, उन्हात
• दुसरी: रंगीत पाणी आणि लिटरला १ ग्रॅम प्रमाणात झिंक ऑक्साईड, सावलीत झाकून
• तिसरी: रंगीत पाणी आणि तेवढेच झिंक ऑक्साईड, उन्हात
• चौथी: तिसरीप्रमाणेच, पण पाणी मातीने गढूळ केलेले, उन्हात

बशा अधूनमधून ढवळा. काही तासांत तिसऱ्या बशीतला रंग सर्वांत जास्त उतरलेला दिसेल. पावडर तळाला बसू दिल्यावरच रंगाची तुलना करा. दुसऱ्या बशीवरून प्रकाश लागतो हे कळते, चौथीवरून गढूळपणाची अडचण कळते. शेवटी पहिल्या व तिसऱ्या बशीत टीडीएस मीटर बुडवून दाखवा. रंग गेला तरी क्षार कमी झाले नाहीत हे लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पावडर हाताळताना मास्क व हातमोजे वापरा आणि प्रात्यक्षिकासाठी कीटकनाशक वापरू नका.

यंत्र किंवा पावडर घेण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

• माझ्या पाण्याचा अहवाल पाहून यंत्र सुचवले आहे का? त्यातला कोणता घटक कमी होणार?
• यंत्रात फक्त दिवा आहे की उत्प्रेरकही आहे? उत्प्रेरक थरावर बसवलेला आहे की पावडर आहे? पावडर असल्यास ती पाण्यातून परत कशी काढायची?
• तासाला किती लिटर पाणी, आणि किती गढूळपणापर्यंत?
• दिवा किती तास चालतो, बदलायला किती खर्च? जंतुनाशक दिव्यांची उपयुक्तता साधारण ८ ते ९ हजार तासांनी संपते, जरी तो पेटत असला तरी.
• प्रक्रियेपूर्वीचा व नंतरचा प्रयोगशाळेचा अहवाल, तोही आपल्या भागातील पाण्याचा, दाखवता येईल का?

'सगळे काढतो' असे उत्तर मिळाले तर व्यवहार तिथेच थांबवा.

आधी तपासणी, मग उपाय

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी लहान बाळांना देऊ नका. नायट्रेट व क्षारांसाठी आरओ लागतो आणि कीटकनाशकाच्या अंशासाठी सक्रिय कोळशाचा फिल्टर उपयोगी पडतो. सिंचनाच्या खारट पाण्यासाठी निचरा, जिप्सम, सेंद्रिय खत आणि क्षार सहन करणारी पिके हाच मार्ग आहे. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन कृषी विज्ञान केंद्र किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. पाण्यात काय आहे हे कळल्यावरच उपाय ठरवा, आणि तोपर्यंत या हंगामात पंप विहिरीवर धुणे थांबवा.